चित्रातली डावखुरी माणसं

मंचरच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या प्राचीनं ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या मनात एवढंच आलं, की हेही आता आपल्याच गळ्यात पडणार. आणि तसंच झालं.

शाळेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्त जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं, म्हणून भूगोलाच्या खोलीतली कपाटं रिकामी करायला घेतली होती. फाटक्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे एक पुठ्ठा निघाला आणि त्या पुठ्ठ्यावर सुटं ठेवलेलं हे चित्र. वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढं, कडांनी पिवळं पडलेलं, एक कोपरा कसरीनं खाल्लेला. मुख्याध्यापिका आरती मॅडमनी ते आणून प्राचीच्या टेबलावर ठेवलं.

"खाली इंग्रजीत जुन्नर लिहिलंय बघा. किती जुनं असेल?"

"दीडशे वर्षांच्या पुढचं. तांब्याच्या नाहीतर पोलादाच्या पत्र्यावर कोरून छापायचे, त्यातलं आहे."

"मग यावर दहा ओळी लिहून द्या. चित्रात काय काय आहे, हा उजेड कशाचं प्रतीक आहे, असं काहीतरी. फ्रेम करून दर्शनी भिंतीला लावू."

"कधीपर्यंत?"

"शनिवारी दिलंत तर बरं. गेणभाऊंना दाखवायला लागेल."

तो गुरुवार होता. प्राचीनं मान हलवली. नाही म्हणायचं तर कारणं सांगावी लागतात, आणि कारणं सांगण्यापेक्षा दहा ओळी लिहिणं सोपं होतं.

प्राची त्रेचाळीस वर्षांची. येडगावला वडिलांसोबत राहायची. पहाटे पाचला उठून वडिलांना उठवायचं, तोंड धुऊन द्यायचं, चहा पाजायचा, स्वयंपाक उरकायचा, मग स्कूटीनं नारायणगाव, स्टँडजवळ स्कूटी लावून एसटीनं मंचर. हायवेला कांद्याच्या ट्रका अडकल्या की पहिला तास बुडायचा. संध्याकाळी तेच सगळं उलट्या क्रमानं. भाऊ अमृत चाकणला कंपनीत होता. महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा, तासभर बसायचा आणि जाताना म्हणायचा, "ताई, तू पण स्वतःकडं बघत जा."

वडिलांना ती आण्णा म्हणायची. सावळेराम आण्णा म्हणजे पंचक्रोशीत द्राक्षबागेच्या छाटणीला नावाजलेला माणूस. काडीवर कोंबाचा डोळा कुठे ठेवायचा आणि कात्री कुठे लावायची, हे विचारायला लोक त्यांना गाडीत बसवून न्यायचे. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय थोडा सावरला, काठीच्या आधारानं घरात चार पावलं टाकायचे. बोलणं जड झालं, शब्द तोंडात चिकटायचे. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवर आणि खाली सोडला तर खाली. छाटणीची कात्री अजून खुंटीला होती आणि ती तिथून काढायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

डाव्या हातानं जेवायचं, हे आण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पहिल्यांदा चमचा दिला तर त्यांनी तो अंगणात फेकला. भरवायला गेलं तर ओठ घट्ट मिटायचे. शेवटी ते खुर्ची भिंतीकडे वळवून, स्टुलावर ताट घेऊन, सगळ्यांकडे पाठ करून डाव्या हातानं जेवायला लागले. त्या वेळी घरात कुणी थांबायचं नाही, असा न बोलता नियम झाला. प्राची ताट वाढायची आणि ओट्याशी न थांबता बाहेर पायरीवर जाऊन बसायची. दिवसा घरी थांबणाऱ्या शेजारच्या साळुबाईही तसंच करायच्या.

गुरुवारी ती आली तेव्हा साळुबाई पायरीवरच होत्या.

"आज बी निम्मं ताट तसंच हाय," त्या म्हणाल्या. "म्या काय बोलले न्हाई. बोललं की जेवतच न्हाईत."

"असू द्या मावशी. मी बघते."

बघण्यासारखं काही नव्हतं. तिनं ताट उचललं, आण्णांच्या सदऱ्यावरची शितं झटकली, रात्रीच्या भाताला कुकर लावला आणि शाळेतून आणलेलं चित्र टेबलावर उघडलं.

भिंगातून बघितल्यावर चित्र हळूहळू उलगडायला लागलं. कागदाचा दोन तृतीयांश भाग नुसतं आभाळ. ढग असे भरून आलेले, की आत्ता कोसळतील. जवळून पाहिलं तर ते ढग नव्हते, हजारो बारीक रेघा होत्या, एकीवर एक तिरक्या ओढलेल्या. उजवीकडे ढगांना एक फट पडली होती आणि तिथून उजेडाचे पट्टे तिरपे खाली उतरून नदीवर पडले होते. नदीला तिथे पायी ओलांडायचा उतार असावा, दगड वर आलेले होते. पलीकडे दूर डोंगर. अलीकडे डाव्या कोपऱ्यात अर्धं मोडलेलं, काळंभोर झाड आणि त्याच्या बाजूला एक ढासळलेली कमान. आणि या सगळ्यात चिंचोक्याएवढी पाच माणसं. एक जण लादलेल्या बैलामागे काठी घेऊन चाललेला, दोघे उतारातून पाण्यात शिरलेले, घडा घेतलेली एक बाई, आणि झाडाच्या बुंध्याशी दगडावर बसलेला एक म्हातारा.

खाली बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं: शिवनेरीचा किल्ला, जुन्नरजवळ, कुकडीच्या उत्तर काठावरून. डाव्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव होतं. उजव्या कोपऱ्यातलं कोरणाऱ्याचं नाव कसरीनं खाल्लं होतं, फक्त 'लंडन' शाबूत होतं.

डोंगर काही शिवनेरीसारखा वाटत नव्हता. पण हे साहेब लोक डोंगर मनाला येईल तसे ताणायचे, वाढवायचे, हे तिनं पुण्याला कलाशिक्षक व्हायला शिकत असताना ऐकलं होतं. मोडकं झाड दिसलं की समजायचं, आयुष्य सरतं. पडकी कमान म्हणजे सत्ता जाते. ढगातून आलेला उजेड म्हणजे देवाची कृपा, आणि खाली इवलीशी माणसं म्हणजे आपण. तेव्हा वहीत हे सगळं लिहून घेताना तिला फार मोठं काहीतरी हाती लागल्यासारखं वाटलं होतं. आता तिला फक्त त्या बैलामागच्या माणसाच्या पाठीचा बाक दिसत होता.

तिनं दिशांचा हिशेब मांडला. कुकडीच्या उत्तर काठावर, म्हणजे लेण्याद्रीच्या अंगाला उभं राहून किल्ल्याकडे बघायचं तर तोंड दक्षिणेला होणार. उजेड उजवीकडून येतोय, म्हणजे पश्चिमेकडून. म्हणजे ही संध्याकाळ. दिवस संपलाय, पाऊस येऊ घातलाय आणि माणसं घरी पोचण्याच्या घाईत आहेत. तिनं लिहिलं: 'हा मावळतीचा उजेड आहे. तो कुणासाठी थांबलेला नाही. चित्रातल्या एकाही माणसाचं त्याच्याकडे लक्ष नाही, कारण सगळी थकलेली आहेत.' हे लिहायला तिला विचार करावा लागला नाही.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर गेणभाऊ आले. ते संस्थेचे सचिव, त्यांच्या वडिलांनी शाळा काढलेली. माणूस वाईट नव्हता. उभ्या उभ्या त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला.

"मॅडम, लिहिलंय चांगलं. पण शाळेच्या भिंतीला संध्याकाळ कशाला लावायची?"

"चित्र संध्याकाळचंच आहे, भाऊ."

"असंल. पण पोरं बघणार, पालक बघणार. थकलेली माणसं, मोडलेलं झाड, हे काय. उजेड म्हणजे ज्ञान, असं लिहा ना. झाड मोडलं म्हणजे अज्ञान मोडलं. पंचाहत्तर वर्षं झाली राव शाळेला."

आरती मॅडमनी प्राचीकडे पाहिलं. त्या नजरेत विनंतीही होती आणि उशीर होत असल्याची जाणीवही.

"बघते," प्राची म्हणाली.

चित्र परत घरी आलं. रविवारी साळुबाई येत नसत. सकाळची कामं आटपून प्राचीनं खिडकीपाशी कॉटवर चित्र ठेवलं, शेजारी कोरा कागद ठेवला, पण लिहायला बसली नाही. कपडे धुवायला गेली. मागच्या दारी पिळे पिळत असताना तिला आतून हाक आली.

"प्राचे."

आण्णा हाक मारत नसत. काही लागलं तर काठी जमिनीवर आपटायचे. ती ओल्या हातानंच धावली. आण्णा खुर्ची ओढून कॉटपाशी बसले होते. डाव्या हातात भिंग होतं आणि ते चित्रावर वाकले होते.

"काय झालं?"

"त्यो बघ." त्यांनी भिंगाची कड झाडाच्या बुंध्याशी टेकवली. "जेवतोय."

तिनं वाकून पाहिलं. दगडावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या मांडीवर फडकं पसरलेलं होतं. त्यावर काहीतरी गोल होतं, भाकरीच असावी. एक हात तोंडाशी गेलेला होता. तिला तो म्हातारा नुसता बसलेला वाटला होता.

"हो की. जेवतोय."

"डाव्या," आण्णा म्हणाले. शब्द बाहेर यायला वेळ लागला. "डाव्या हातानं."

तिनं पुन्हा पाहिलं. तोंडाशी गेलेला हात डावाच होता. उजवा हात दगडावर टेकलेला होता. आण्णांनी भिंग सरकवलं. बैलामागच्या माणसाची काठी डाव्या हातात. उतारात शिरलेल्या एकानं डाव्या हातानं धोतराचा सोगा धरलेला आणि त्याच हातात जोडे. घडा घेतलेल्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर.

"समदी," आण्णा म्हणाले. "समदी डावखुरी."

हे काय आहे, ते तिलाही कळेना. पण आण्णांनी ते हुडकून काढलं होतं, आणि किती तरी दिवसांनी ते सलग इतकं बोलले होते. गेल्या आठ महिन्यांत डाव्या हातानं बटण लावायचं, डाव्या हातानं काठी धरायची, डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलायचा, हेच चालू होतं. कुणाच्याही नजरेतून सुटलं असतं, त्यांच्या सुटलं नाही.

दुपारी तिनं ताट वाढलं आणि रोजच्यासारखी बाहेर निघाली. आण्णांनी खुर्ची वळवली नव्हती. ती अजून कॉटकडेच तोंड करून होती.

"बस," ते म्हणाले.

प्राची उंबऱ्याच्या आतच खाली बसली. आपलंही ताट वाढून घ्यावं का, हे तिला सुचलं नाही. आण्णांनी भाकरी डाव्या हातानं मोडायचा प्रयत्न केला. ती मोडली नाही, सरकली. मग त्यांनी ताटाची कड पोटाशी धरली आणि अंगठ्यानं दाबून तुकडा काढला. कालवणाचा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत गेला. प्राची चित्राकडे बघत राहिली, आण्णांच्या हाताकडे बघायचं नाही म्हणून. जेवण व्हायला पाऊण तास लागला. ताट रिकामं झालं.

सोमवारी तिनं अर्धी रजा टाकली आणि चित्र घेऊन जुन्नरला गेली. फ्रेम करायचीच होती, आणि राजमहंमदचाचांना विचारायचंही होतं. चाचांचं पेठेत लहानसं दुकान होतं. एकेकाळी ते पितळेच्या भांड्यांवर हातानं नावं कोरून द्यायचे. प्राचीच्या घरातल्या हंड्या-कळशांवर तिच्या आईचं नाव त्यांनीच घातलं होतं. पुढे मशीनवर ठिपक्या-ठिपक्यांची नावं यायला लागली तसं ते काम गेलं. मग शिक्के आले, मग रबरी शिक्केही कॉम्प्युटरवर व्हायला लागले. आता फोटोफ्रेम. चाचा सत्तरी ओलांडलेले, पाठीत वाकलेले, आणि बोलताना मध्येच थांबून श्वास घेणारे.

त्यांनी चित्र काचेच्या काउंटरवर पसरलं, कोऱ्या कागदानं कडा दाबल्या आणि बराच वेळ पाहिलं.

"हात बघा काय हात आहे," शेवटी ते म्हणाले. "या एवढ्या ढगाला दोन महिने गेले असतील बिचाऱ्याचे."

"चाचा, यातली सगळी माणसं डावखुरी का आहेत?"

चाचांनी तिच्याकडे पाहिलं, मग डोळ्याला लावायचं जुनं भिंग ड्रॉवरमधून काढलं. एकेका माणसापाशी थांबत गेले. म्हाताऱ्यापाशी आल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"कोणी बघितलं हे?"

"आण्णांनी."

"बरोबर. आम्ही नसतं बघितलं." त्यांनी चित्रावर बोट टेकवलं. "डावखुरी नाहीत, बेटा. चित्र उलटं आहे."

"म्हणजे?"

"शिक्का कसा करतो आम्ही? अक्षर उलटं कोरतो, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. पत्र्याचं पण तसंच. समोर चित्र ठेवलं असेल साहेबानं काढलेलं. त्याच्यात बघून कोरणाऱ्यानं उलटं कोरायला पाहिजे होतं. यानं सुलटं कोरलं. छापल्यावर सगळं फिरलं. खालची अक्षरं तेवढी उलटी कोरली, ती नंतर घालतात. अक्षर उलटं आलं तर गिऱ्हाईक पकडतं. डोंगर उलटा आला तर लंडनमध्ये कोण पकडणार?"

त्यांनी चित्र दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि दुकानाच्या काचेच्या दाराशी नेलं. छापलेली बाजू रस्त्याकडे केली. बाहेरचं ऊन कागदातून आत आलं आणि मागच्या पिवळट बाजूवर चित्र फिकट उमटलं.

"आता बघा."

प्राचीनं पाहिलं आणि तिला शिवनेरी दिसला. ताणलेला, वाढवलेला, पण शिवनेरीच. जन्मभर बघितलेला डोंगर. नदी डावीकडे, म्हणजे पूर्वेकडे, येडगावच्या दिशेनं चालली होती, जशी ती खरोखर जाते. म्हाताऱ्याचा उजवा हात तोंडाशी गेलेला होता. बाईचा पदर डाव्या खांद्यावर आला होता.

"उजेड डावीकडून येतोय," ती म्हणाली.

"मग सकाळ आहे. अब्बांबरोबर यायचो आम्ही या काठाला, गोळेगावच्या अंगाला. पावसाळ्यात सकाळचं असंच ऊन फुटतं तिकडून. फुटतं आणि परत जातं."

तिनं चित्र चाचांकडून घेतलं. ते स्टुलावर बसले.

"गेणभाऊ विचारतायत उजेड म्हणजे काय," प्राची म्हणाली. "ज्ञान लिहा म्हणतायत."

"लिहा की. त्यांचं पण खोटं नाही." चाचांनी श्वास घेतला. "माझं विचाराल तर, उजेड कोरत नाहीत. पत्र्यावर रेघ मारली की तिथं शाई बसते, म्हणजे अंधार. दोन महिने हा माणूस अंधारच कोरत होता. जिथं हात लावला नाही, तिथं उजेड. काम करता करता हात तिकडं जातो, आपोआप जातो. तो आवरायचा. बाकी काही नाही त्यात."

फ्रेम शुक्रवारपर्यंत देतो म्हणाले. चित्र तिथेच ठेवून ती निघाली. येडगावच्या वाटेवर तिला वेगळीच काळजी लागली होती. आण्णांना काय सांगायचं? काल दुपारी आणि रात्रीही ते तिच्यासमोर जेवले होते. त्या चित्रातला म्हातारा त्यांच्यासारखाच डाव्या हातानं जेवत होता म्हणून. आता त्याचा हात उजवाच होता, कोरणाऱ्याची चूक होती, हे सांगितलं आणि उद्या खुर्ची परत भिंतीकडे वळली तर? न सांगणं सोपं होतं. चाचांना काही माहीत नाही म्हटलं, की झालं.

घरी पोचली तर आण्णा दारातच बसले होते.

"काय म्हनला राजमहंमद?"

तिनं पर्स खाली ठेवली. खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो, आणि तो तिच्यात नव्हता. तिनं सगळं सांगितलं. शिक्क्याचं, पत्र्याचं, काचेच्या दाराचं. म्हातारा उजव्या हातानंच जेवतोय, हेही. साळुबाई चहाचा कप हातात धरून ऐकत राहिल्या.

आण्णांनी खाली मान घातली. मांडीवरचा उजवा हात डाव्या हातानं उचलून नीट ठेवला.

"मंग आता काय," ते म्हणाले, "परत उजव्यानं जेवू व्हय?"

साळुबाईंनी तोंडाला पदर लावला. आण्णांच्या तोंडाची डावी बाजू किंचित वर गेली होती, तेवढीच जाऊ शकत होती. प्राचीला हसू आलं, आणि हसता हसता तिथेच बसावंसं वाटलं, म्हणून ती पायरीवर बसली.

थोड्या वेळानं आण्णांनी विचारलं, "सकाळ हाय म्हनतेस?"

"हो. उजेड पूर्वेकडून येतोय."

"मंग त्यो रातभर चाललाय." एकेक शब्द जुळवत ते बोलत होते. "दिस उगवायला नदीवर बसून भाकर खातो, त्यो आत्ता घरनं निघाल्याला न्हाई. बेल्ह्याच्या बाजाराला बैल न्यायचो आमी. टेम्पो नव्हते तवा. रातभर चालायचं. उजाडलं का पाण्याकाठी बसायचं आन् भाकर खायची. उजेडाकडं कोन बघतंय? पाय बघायचं, किती सुजलं."

"थकवा जायचा का, उजाडल्यावर?"

"न्हाई. पर वाट दिसायची."

त्या संध्याकाळी ते तिच्यासमोर जेवले. डाव्या हातानं, तितकंच सांडत.

प्राचीनं दहा ओळी नव्यानं लिहिल्या. चित्र उलटं कसं छापलं गेलं, ते लिहिलं. हा सकाळचा उजेड आहे, हे लिहिलं. आणि शेवटी लिहिलं: 'झाडाखाली जेवणारा माणूस रात्रभर चालून आला आहे. उजेडानं त्याचा थकवा गेलेला नाही, पण पुढची वाट दिसते आहे. हे येडगावच्या सावळेराम यांनी सांगितलं, ते या वाटांनी चाललेले आहेत.' मंगळवारी कागद आरती मॅडमच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "हे छान झालंय. मी बोलते गेणभाऊंशी."

गेणभाऊंचा फोन बुधवारी आला. ते खूश होते. "सूर्योदय निघाला ना शेवटी? म्हटलं होतं मी. मग आता चित्र उलटं लावायचं का?"

"नको भाऊ. आहे तसंच लावा. पण मजकूर पूर्ण ठेवा."

"पूर्ण कुठं बसतोय पाटीवर. बघतो मी."

शनिवारी कार्यक्रम झाला. दर्शनी भिंतीवर, चाचांनी सागवानी पट्टीत बसवलेलं चित्र लावलं होतं आणि त्याखाली चकचकीत पाटी: 'कुकडीकाठी ज्ञानाचा सूर्योदय'. त्याखाली दोन ओळी, उजेड म्हणजे विद्या आणि मोडलेलं झाड म्हणजे अज्ञान. आणि त्याखाली: 'लेखन: प्राची मॅडम, कलाशिक्षिका'. आण्णांचं नाव नव्हतं. रात्रभर चाललेला माणूसही नव्हता.

"माझं नाव काढता येईल का?" तिनं आरती मॅडमना विचारलं.

"मी सांगून पाहिलं होतं हो, शेवटची ओळ तरी ठेवा म्हणून," आरती मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या. "आता पाटी करून आलीय. पुढच्या महिन्यात बदलून घेऊ."

पुढच्या महिन्यात कुणी बदलणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं. प्राची भांडली नाही. पाहुण्यांना चहा गेला का, ते तिनं पाहिलं, मुलांच्या रांगोळीचे फोटो काढले, भाषणं ऐकली. मध्ये एकदा नववीचा वर्ग चित्रासमोर घुटमळत होता, तेव्हा ती त्यांच्यापाशी गेली. "ती पाटी राहू दे," ती म्हणाली. "झाडाखाली बसलेला माणूस कुठल्या हातानं जेवतोय, ते बघा आधी." मुलांची डोकी पुढे झाली. मग तिनं त्यांना शिक्क्याचं सांगितलं, शिवनेरीचं सांगितलं आणि बेल्ह्याच्या बाजाराला रात्रभर बैल नेणाऱ्या आपल्या वडिलांचंही सांगितलं. समृद्धी नावाच्या मुलीनं विचारलं, "मग मॅडम, चित्र चुकलंय का बरोबर आहे?" प्राचीनं एकदा चित्राकडे पाहिलं. "छापताना चुकलंय," ती म्हणाली. "पण माणसं बरोबर आहेत."

पाच वाजता ती नाशिकच्या एसटीत चढली. खिडकीची जागा मिळाली. कळंब मागे पडलं तोवर तिला आठवत होतं, नंतर डोळा लागला. कंडक्टरनं खांदा हलवला तेव्हा गाडी आळेफाट्याला उभी होती.

"ताई, नारायणगाव मागं गेलं की. दोनदा ओरडलो मी."

ती उतरली. स्टँडवर कांद्याची गाडी मागे-पुढे करत होती, रसवाल्याच्या घुंगरांचा आवाज येत होता. स्वतःवर चिडावं इतकीही ताकद उरली नव्हती. परतीची गाडी कधी आहे ते विचारलं, बाकावर बसली आणि साळुबाईंना फोन लावला.

"मावशी, झोप लागली हो मला. आळेफाट्याला आलेय. अजून तासभर तरी लागेल. थांबाल ना?"

"थांबते की. कुठं जायचंय मला. थांब, आण्णा फोन मागत्यात."

आजारपणानंतर आण्णांनी फोन कधी कानाला लावला नव्हता. आपलं बोलणं पलीकडच्याला कळणार नाही, याची त्यांना लाज वाटायची. फोनमध्ये खरखर झाली, काहीतरी आपटलं, मग त्यांचा श्वास ऐकू आला.

"आण्णा, मी आहे. बोला."

शब्द जमायला वेळ लागला. तिनं फोन कानाशी धरून ठेवला.

"सावकाश ये," आण्णा म्हणाले.

"हो."

फोन बंद झाला. तासाभरानं पुण्याची गाडी आली. तिला बसायला जागा नव्हती. ती मधल्या दांड्याला धरून उभी राहिली, आणि या वेळी कंडक्टरला आधीच सांगून ठेवलं, की नारायणगाव आलं की मला नक्की सांगा.